भट्टी विझल्यानंतर

शनिवार, रात्री

फोंड्याजवळच्या बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याचे सभागृह आणि कलादालन करायचे ठरले असून आराखड्याचे काम माझ्याकडे आले आहे. ‘उष्णता’ ही मध्यवर्ती कल्पना मालकांनीच सुचवली. मात्र त्यांना हवी आहे ती उष्णतेची शोभा, म्हणजे नारिंगी दिवे, तांबड्या भिंती, आणि बाकी सगळीकडे काच व वातानुकूलन. नमुना म्हणून त्यांनी जर्मनीतल्या एसेन येथील त्सोलफेराइन खाणीची छायाचित्रे पाठवली. 1986 मध्ये बंद पडलेली ही कोळशाची खाण 2001 पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथल्या कोळसा धुण्याच्या इमारतीत वास्तुकार रेम कूलहास यांच्या कार्यालयाने केलेला जिना नारिंगी प्रकाशाने असा उजळतो, की तापलेला रस खाली ओघळतो आहे असे वाटावे. मला तो जिना मनापासून आवडतो. पण एसेनच्या थंडीत जे चित्र सुखावते, ते मे महिन्यातल्या गोव्यात घामाघूम माणसांपुढे मांडण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

आज दुपारी भट्टीच्या माथ्यावर चढलो. जळण टाकण्याची गोल तोंडे रांगेने अजून शाबूत आहेत. एकाचे लोखंडी झाकण उचलले तर कडेला काजळीचा चकचकीत थर होता आणि खालच्या दालनात उजेडाचा एक वर्तुळाकार ठिपका पडला. फ्रीडरिश हॉफमन यांनी 1858 मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीची ही भट्टी आहे. तिच्यात माल जागेवर राहतो आणि आग दालनादालनांतून पुढे सरकते. बाहेरची हवा आधी भाजून झालेल्या मालावरून जाताना त्याला निववते आणि स्वतः तापून आगीपर्यंत पोहोचते. पुढे आगीतून निघालेला धूर कच्च्या मालाला ऊब देऊन धुराड्यात शिरतो. वरच्या मजल्यांवर कौले वाळवण्याच्या मांडण्या आहेत, कारण भट्टीतून वर चढणारी ऊबही वाया जाऊ द्यायची नव्हती. या इमारतीची उंची, रुंदी, छप्पर, सगळे उष्णतेच्या वाटेवरून ठरलेले आहे. आम्ही ती वाट फक्त उलटी वापरायची आहे, ऊब राखायला नव्हे तर सभागृहातली गरम हवा धुराड्यातून बाहेर काढायला.

तरीही हिशेब सोपा नाही. धुराड्याची ओढ त्याच्या उंचीवर आणि आतल्या-बाहेरच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. भट्टी पेटलेली असताना हा फरक शेकडो अंशांचा असे; सभागृहात बसलेली माणसे फार तर दोन-चार अंशांची भर घालतील. म्हणून धुराड्याच्या वरच्या भागाला काळ्या पत्र्याचे आवरण देऊन ते उन्हाने तापवावे, असा विचार आहे. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा ही युक्ती लंगडी पडेल. भट्टीच्या जाड भिंतींवरही फार विसंबता येणार नाही, कारण आपल्या दमट हवेत रात्र पुरेशी थंड होत नाही आणि भिंतीला दिवसाची ऊब टाकून द्यायला सवडच मिळत नाही. इथे अंगावरून वारा वाहायला हवा. पश्चिमेच्या चिरेबंदी भिंतीत खाली झरोके, पूर्वेला कौलांखाली उंच झडपा, आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून पागोळ्या चांगल्या पुढे काढलेल्या, एवढे तरी हवेच.

वातानुकूलन एकाच दालनाला द्यावे, असे सोमवारी मालकांना सांगणार आहे. कागदावरच्या चित्रांना दमटपणा सोसत नाही, त्यामुळे तिथे ते लागेलच. नारिंगी दिव्यांबद्दल ते अडून बसले, तर ते दिवे भट्टीच्या आत बसवायला माझी हरकत नाही.