पैठण गेटच्या जुन्या फोटोची तारीख बरीच जवळ आली

मंडळी, औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) पैठण गेटच्या जुन्या फोटोची तारीख शोधायचं काम मस्त पुढं सरकलंय. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी, ६ बाय ९ सेंटिमीटरचा छोटा कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून तेवढ्याच आकारात काढलेला) आहे, शहराच्या आतून काढलेला, समोर कमान, डावीकडं हॉटेल, एक टांगा, एक सायकलवाला. विकणाऱ्यानं उर्दू पाटी दाखवून निजामकालीन म्हणून दिला. आपल्याकडं उर्दू दिसली की सगळे हेच म्हणतात, पण १९४८ ला निजामाचं राज्य गेलं म्हणून दुकानदारांनी लगेच पाट्या थोड्याच उतरवल्या, त्या पुढं किती तरी वर्षं तशाच होत्या.

मग २४०० डीपीआयवर स्कॅन केला. हॉटेलच्या दारातल्या फळीवर नुसता पांढरा डाग वाटायचा ना, तिथं चक्क "चहा १० न. पै." निघालं! लई आनंद झाला बघा. न. पै. म्हणजे नवे पैसे, ते आले १ एप्रिल १९५७ ला आणि त्यातला 'नवे' शब्द गेला १ जून १९६४ ला. फळी पुसून नवीन भाव लिहायला लोक वेळ लावतात म्हणून वरची हद्द थोडी सैल धरा, खालची मात्र पक्की, १९५७ च्या आधीचा हा फोटो असूच शकत नाही.

दुसरं म्हणजे पोस्टाची पेटी. ती लाल असते हे माहितीय, इथं कोळशासारखी काळी आलीय आणि आभाळ कोरं पांढरं, म्हणजे फिल्मचा रोल ऑर्थोक्रोमॅटिक (ऑर्थो) असावा, त्याला लाल रंग दिसतच नाही आणि निळा पांढरा येतो. त्यामुळं टांगेवाल्याचा काळा दिसणारा फेटा लालही असू शकतो, कलर करणाऱ्यांनी जरा थांबा. कोडॅकनं १९५६ लाच व्हेरिक्रोम या ऑर्थो रोलच्या जागी लालसकट सगळे रंग पकडणारा व्हेरिक्रोम पॅन आणला, ऑर्थो रोल मागं पडत चालले होते, म्हणून माझं मत १९६४ पेक्षा १९५७ कडं जास्त झुकतंय.

वेळ सकाळची. गेट पैठणच्या वाटेवरचं, पैठण दक्षिणेला, म्हणजे आपण साधारण दक्षिणेकडं बघतोय, सावल्या उजवीकडं लांब पडल्यात आणि थोड्या आपल्या अंगावर येतात, म्हणजे सूर्य आग्नेयेला, दिवस थंडीचे. हॉटेलसमोरच्या दोघांनी शालीही घेतल्यात.

आता उर्दू पाटी राहिली. पहिला शब्द टांग्याच्या टपाआड गेलाय, नस्तालीक (उर्दू लिहायची वळणदार शैली) नीट वाचणारं कुणी असेल तर सांगा, मोठा स्कॅन पाठवतो.