मरळीतला लाल जंत

आज मामा (माजी मालगुजारी) तलावाची मरळ आणली. काकू चिरता चिरता थांबली, "हे का होय बाबू?" पोटाजवळच्या मांसात लालभडक, दोऱ्यासारखा जंत वेटोळं घालून बसलेला. सुरीच्या टोकाने ओढला तर वळवळायला लागला. रंग नि जागा पाहता युस्ट्रॉन्जिलाइडीस नावाच्या गोल जंताची अळी वाटते. ती मोठी होते पाणकावळ्या-बगळ्यांच्या पोटात. विष्ठेतून अंडी पाण्यात, गाळातल्या किड्यांतून मासोळीत. तलावात कोणी काही कालवलेलं नाही, गावात उगाच तशी बोलणी नकोत. खवल्यांवरची चपटी ऊ वेगळी, ती माणसाला लागत नाही. हा जंत मात्र जिवंत पोटात गेला तर आतडं भोकसू शकतो. निखाऱ्यावर अर्धीकच्ची भाजलेली मरळ पोरांना देऊ नका, हात जोडून सांगतो. मीठ-लिंबावर भरवसा नको, आतपर्यंत शिजलीच पाहिजे.