माझा अनुभव: आईची सूज आणि माझा अंगठा

दोन महिन्यांपासून संध्याकाळ झाली की आईची पावलं सुजायची. तिला प्रवास झेपत नाही, म्हणून डॉक्टरांची व्हिडिओ कॉलवर वेळ घेतली. मनात धास्ती होतीच. हात न लावता त्यांना काय कळणार?

कॉलआधी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून लिहून ठेवायला सांगितलं होतं. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, गप्पा नाहीत. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. पट्टा उघड्या दंडावरच हवा, हे मला तेव्हा कळलं. इतके दिवस मी बाहीवरूनच गुंडाळत होते. पहिला दिवस सोडून सरासरी १२८/७८ आली. घरी मोजताना १३५/८५ च्या खाली असलेलं बरं, असं डॉक्टर म्हणाले.

कॉल दोनदा तुटला. चित्र अडकायला लागलं तेव्हा दिवसाउजेडात काढून ठेवलेले पायांचे फोटो पाठवले. मग ते म्हणाले, "नडगीच्या हाडावर अंगठा ठेवा. दाबा. मी सांगेपर्यंत सोडू नका." मी मनात दहा आकडे मोजले. अंगठा उचलला तर तिथे खड्डा तसाच राहिला होता. बोट फिरवलं की खोलगट लागायचा. आईचे पाय मी रोज चेपते, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

"दुसऱ्या पायालाही एवढाच?" एकाच पायाला सूज आणि दुखणं असतं, तर रक्ताची गुठळी आहे का हे बघायला त्यांनी लगेच दवाखान्यात पाठवलं असतं. मग हृदयाचा काही त्रास आहे का, हे कळायला आईला विचारलं, "काकू, झोपताना उशा किती लागतात? आडवं पडल्यावर दम लागतो?" नाही म्हणाली. शेवटी गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप कॅमेऱ्यासमोर धरायला लावल्या. बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन होती. तिने घोट्यांना सूज येऊ शकते.

तरी त्यांनी तेवढ्यावर सोडलं नाही. किडनीसाठी रक्त-लघवीच्या तपासण्या लिहिल्या. "छाती मला इथून ऐकता येत नाही," असं स्पष्ट सांगून जवळच्या डॉक्टरांकडे स्टेथोस्कोपने तपासून ईसीजी काढायला लावला. या सांगण्यानेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. रिपोर्ट चांगले आले, मग गोळी बदलली.

तीन आठवड्यांनी पुन्हा कॉल. मी अंगठा ठेवायच्या आतच आईने पाय कॅमेऱ्यासमोर धरला. दाबलं, सोडलं. खड्डा पडला नाही.