होल्डिंग टॉर्कच्या आकड्यापलीकडे: छोट्या मिलिंग मशीनसाठी स्टेपर मोटर आणि ड्रायव्हर

हाताने चालणारे छोटे मिलिंग मशीन सीएनसी (संगणकाच्या आज्ञेने चालणारे) करायचे ठरवले, की कोल्हापुरात पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘मोठी मोटर घाला की, डोक्याला ताप नको.’ उद्यमनगर आणि शिरोलीच्या कारखान्यांत ज्यांचे आयुष्य थ्री-फेज मोटरींवर गेले, त्यांच्याकडून हा सल्ला येणे स्वाभाविक आहे, कारण तिथे गरजेपेक्षा एक-दोन अश्वशक्तीने मोठी मोटर बसवल्याने सहसा काही अडत नाही. स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक अंशांच्या पावलांनी (स्टेप्सनी) फिरणारी मोटर, हिचे तसे नाही. गरजेपेक्षा मोठी स्टेपर, चुकीच्या ड्रायव्हरवर (मोटरला प्रवाह देणाऱ्या सर्किटवर), लहान मोटरपेक्षा सरळसरळ हळू चालू शकते.

नेमा २३ किंवा नेमा ३४ या आकड्यांवरून फक्त मोटरच्या तोंडाचे माप कळते, अनुक्रमे २.३ इंच आणि ३.४ इंच. ताकदीचा त्यात उल्लेख नाही. एकाच नेमा २३ तोंडाच्या मोटरी लांबीनुसार १ न्यूटन-मीटरपासून ३ न्यूटन-मीटर टॉर्कपर्यंत (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर) मिळतात. आपल्याकडचे विक्रेते हा आकडा बहुधा किलो-सेंटीमीटरमध्ये लिहितात. १ न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे १०.२ किलो-सेंटीमीटर. शिवाय जाहिरातीत छापलेला आकडा होल्डिंग टॉर्कचा असतो, म्हणजे मोटर उभी असताना ती किती जोर सहन करते याचा. मशीनला मात्र फिरत्या मोटरचा टॉर्क लागतो.

म्हणून माझ्या मते सुरुवात मोटरपासून न करता स्क्रूपासून करावी. ५ मिलिमीटर लीडचा (एका फेऱ्यात टेबल ५ मिलिमीटर सरकवणारा) बॉलस्क्रू, म्हणजे नटात गोळ्या फिरणारा स्क्रू, आणि त्याची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर १ न्यूटन-मीटर टॉर्कमधून टेबलावर सुमारे ११०० न्यूटन जोर मिळतो. छोट्या मशीनवर टेबलाचे घर्षण, जिबचा (सरकत्या भागातला खेळ काढणाऱ्या पट्टीचा) ताण आणि कटरचा विरोध मिळून ५०० न्यूटन धरले, तर लागणारा टॉर्क ०.४५ न्यूटन-मीटरच्या आसपास येतो. मशीनचा मूळ चौरस किंवा ट्रॅपेझॉइडल आट्याचा स्क्रू तसाच ठेवला आणि त्याची कार्यक्षमता ३० टक्के मानली, तर त्याच कामाला १.३ न्यूटन-मीटर लागतात, शिवाय नटातला खेळ राहतो तो वेगळाच. मोटरवर जास्त पैसे घालण्याआधी ते स्क्रूवर घालावेत, असे मी म्हणतो ते यामुळेच.

हा टॉर्क कोणत्या वेगाला लागतो, हेही पाहिले पाहिजे. कापताना फीड मिनिटाला ३०० मिलिमीटर असेल, तर ५ मिलिमीटर लीडवर मोटर फक्त ६० आरपीएमने फिरते आणि त्या वेगाला तिचा टॉर्क जवळजवळ पूर्ण मिळतो. मिनिटाला २००० मिलिमीटरच्या रॅपिडला (न कापता होणाऱ्या जलद चालीला) ती ४०० आरपीएमने फिरते; तिथे कटरचा विरोध नसतो, पण घर्षण आणि वेग वाढवण्याचा भार असतो. स्टेप्स हुकतात त्या बहुतेक वेळा इथेच, आणि एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर) नसल्यामुळे कंट्रोलरला त्याचा पत्ताही लागत नाही.

वेग वाढला की टॉर्क का पडतो, हे एका हिशेबाने स्पष्ट होते. एका स्टेपला १.८ अंश फिरणाऱ्या मोटरमध्ये एका फेऱ्यात प्रत्येक फेजच्या (वाइंडिंगच्या) प्रवाहाची ५० आवर्तने होतात. ४०० आरपीएमला ती सेकंदाला सुमारे ३३३ होतात, म्हणजे प्रवाहाची दिशा उलटवायला दर खेपेस फक्त दीड मिलिसेकंद मिळतो. वाइंडिंगचे इंडक्टन्स (प्रवाहाच्या बदलाला होणारा त्याचा विरोध) ३.५ मिलिहेन्री असेल आणि प्रवाह उणे ४.२ अँपिअरपासून अधिक ४.२ अँपिअरपर्यंत न्यायचा असेल, तर २४ व्होल्टवर त्याला जवळजवळ १.२ मिलिसेकंद लागतात आणि ४८ व्होल्टवर ०.६. यात मोटर फिरताना निर्माण होणारा विरोधी व्होल्टेज धरलेलाच नाही. तो धरला, तर २४ व्होल्टवर प्रवाह पूर्ण चढेपर्यंत उलटायची वेळ येते. मोटरच्या लेबलवर ३ व्होल्ट लिहिलेले असताना तिला ४८ व्होल्ट का द्यायचे, या प्रश्नाचे उत्तर यातच आहे: प्रवाह मर्यादेत ठेवण्याचे काम चॉपर ड्रायव्हर करतो, आणि जास्तीचा व्होल्टेज प्रवाह लवकर चढवण्यासाठी खर्ची पडतो. मोठ्या मोटरीचे इंडक्टन्स बहुधा जास्त असते आणि रोटरही जड असतो. २४ व्होल्टच्या पुरवठ्यावर नेमा ३४ बसवण्यात अर्थ नाही, तो याच कारणाने.

हॉबी मंडळींत रूढ असलेला नियम असा की, मिलिहेन्रीतील इंडक्टन्सचे वर्गमूळ काढून त्याला ३२ ने गुणावे. येणारा आकडा ही पुरवठ्याच्या व्होल्टेजची वरची मर्यादा समजावी. ३.५ मिलिहेन्रीसाठी ती सुमारे ६० व्होल्ट येते, आणि त्याहून वर गेल्यास मोटर विनाकारण तापते. विकत घेताना इंडक्टन्सचा आकडा आणि टॉर्क-वेगाचा आलेख न देणाऱ्या विक्रेत्याची मोटर, किंमत कितीही कमी असली तरी, मी घेत नाही.

ड्रायव्हरची मर्यादा यानंतर येते. डीएम५४२ जातीचे ड्रायव्हर २० ते ५० व्होल्ट डीसी आणि ४.२ अँपिअर शिखर प्रवाहापर्यंत चालतात. त्यांना ४८ व्होल्टचा एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय) जोडणारे पुष्कळ जण आहेत, पण मला ते पटत नाही. जड टेबल अचानक थांबवले की मोटर जनरेटरसारखी वागते आणि पुरवठ्याचा व्होल्टेज वर ढकलते. तिथे दोन व्होल्टची मोकळीक पुरत नाही. या ड्रायव्हरला ३६ व्होल्टचा एसएमपीएस द्यावा, किंवा ३० व्होल्टचा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) आणि मोठा कपॅसिटर वापरावा. रेक्टिफायरनंतर त्यातून ४१ व्होल्टच्या आसपास मिळतात, आणि घरचा पुरवठा २३० ऐवजी २५३ व्होल्टवर गेला तरी आकडा ४५ च्या जवळ राहतो. रात्री उशिरा भार कमी झाल्यावर व्होल्टेज चढतो, हा अनुभव आपल्या भागातल्या कोणालाही नवा नाही. तीन मोटरींसाठी पुरवठ्याचा प्रवाह त्यांच्या बेरजेइतका लागत नाही. दोन-तृतीयांश, म्हणजे ४.२ अँपिअरच्या तीन मोटरींना साडेआठ अँपिअर पुरतात. ट्रान्सफॉर्मर मागणीनुसार बांधून देणारे वाइंडिंगवाले गावात आहेत, त्यामुळे हा मार्ग महागही पडत नाही.

टीबी६६०० हा स्वस्त पर्याय ४२ व्होल्टपर्यंतचा सांगितला जातो, पण त्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डब्यात तीच चिप असते असे नाही. लाकडावर नक्षी काढणाऱ्या हलक्या राउटरला तो चालेल. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) टेबलाला मी तो लावणार नाही.

प्रवाह लावताना ड्रायव्हरवरच्या डिप स्विचच्या तक्त्यातला आकडा शिखराचा आहे की आरएमएस (प्रभावी मूल्याचा), हे वाचून घ्यावे, ४.२ शिखर म्हणजे ३ अँपिअर आरएमएस. आठ तारांची मोटर असेल तर वाइंडिंग समांतर जोडावे, कारण तसे जोडल्यास इंडक्टन्स सीरिजच्या एक-चतुर्थांश होते. त्याबदल्यात प्रवाह दुप्पट लागतो. मायक्रोस्टेप, म्हणजे एका स्टेपचे ड्रायव्हरने केलेले भाग, ८ किंवा १० पुरे. ८ ला १६०० पल्स प्रति फेरा, म्हणजे मिलिमीटरला ३२० पल्स, आणि २००० च्या रॅपिडला सेकंदाला साधारण १०,७०० पल्स, जे साधा कंट्रोलरही सहज देतो. मायक्रोस्टेप वाढवल्याने चाल मऊ होते, अचूकता त्या प्रमाणात वाढत नाही.

झेड अक्षाचा विचार वेगळा करावा लागतो. बॉलस्क्रू स्वतःहून अडत नाही, त्यामुळे २५ किलोचे डोके वीज गेल्याबरोबर खाली सरकू लागते आणि कटर जॉबमध्ये रुततो. इथे मोठ्या मोटरीने प्रश्न सुटत नाही, कारण वीज नसताना तिचाही टॉर्क नसतो. गॅस स्प्रिंगने वजन तोलावे किंवा ब्रेकची मोटर घ्यावी. वजन तोलले, की झेडलाही नेमा २३ पुरते.

मोटर बसवायच्या पट्टीत चार भोके पाडून काम भागवण्याऐवजी ३८.१ मिलिमीटरचा बोअर लेथवर करून घ्यावा. नेमा २३ च्या तोंडावरचा उंचवटा त्यात बसला, की मोटर स्क्रूच्या रेषेत येते आणि कपलिंगवर ताण येत नाही. उद्यमनगरात हे काम कोणताही टर्नर करून देईल. ड्रायव्हरची पेटी मात्र बंद आणि गाळणीच्या पंख्याची हवी. बीडाची बारीक भुकटी वीजवाहक असते, आणि ती ड्रायव्हरच्या पट्टीवर बसली की बिघाड शोधणे कठीण जाते. ड्रायव्हर चालू असताना मोटरची तार काढू नये, हेही पेटीवर रंगाने लिहून ठेवावे.

एन्कोडर असलेल्या क्लोज्ड-लूप स्टेपर आता बऱ्याच ठिकाणी मिळतात. त्या टॉर्क वाढवत नाहीत, पण स्टेप हुकल्यास ड्रायव्हर अलार्म देतो. महागडा जॉब कापणाऱ्याने एक्स आणि वायसाठी तो खर्च करावा. साध्या स्टेपरवर चालवणाऱ्याने रॅपिड हळूहळू वाढवत मोटर कुठे अडते ते पाहावे, त्या वेगाच्या साठ टक्क्यांवर मर्यादा बांधावी, आणि टेबल पुन्हा पुन्हा पुढे-मागे पळवून डायल गेज शून्यावर परत येतो का, हे तपासूनच पहिला जॉब लावावा.