वहीतला सतरावा मासा

सांगलीत आयर्विन पुलाखाली गळ टाकत वाढलो, पण वर्षातून दोनदा आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठतो ते पकडलेल्या माशांच्या वहीत नवं नाव चढवायला. एकच जात दुसऱ्यांदा मिळाली तर मोजायची नाही, हा माझा नियम.

यंदा भाट्ये किनाऱ्याच्या वाळूत भरतीला उभा राहिलो. बारीक गळ, कोळंबीचा तुकडा. आधी मुडदुशी, ती जुनीच. मग दोनदा दोरी कात्रीनं कापल्यासारखी तुटली. तिसऱ्यांदा चोर वर आला: केंड! हातात घेताच फुगून चेंडू झाला, पुढचे दात पोपटाच्या चोचीसारखे. विषारी, म्हणून अलगद सोडला. पण वहीत सोळावा.

उजेड जाता जाता टोळ मासा लागला. हातभर लांब, चोचीत सुयांसारखे दात. सतरावा! बर्फात घालून घरी आणला. कालवणातले हिरवेगार काटे बघून बायको म्हणाली, "अहो, नासलाय की हा!" टोळाचे काटे मुळातच हिरवे असतात हे पटवेपर्यंत भाकरी गार झाली. तिनं शेवटी अंड्याची पोळी करून खाल्ली.