उधारीच्या वहीतून दिसलेले दवाखाने : आमची वाटचाल

नाशिकच्या गोळे कॉलनीत औषधांच्या होलसेल दुकानांच्या दाटीत आमचा एक गाळा आहे. हातमोजे, गॉज, सुचर (टाके घालायचा धागा), सलाइन सेट, कॅथेटर, हाडांच्या ऑपरेशनला लागणाऱ्या प्लेटा आणि स्क्रू, असा सर्जिकल माल आम्ही २००९पासून विकतो. मोठी कॉर्पोरेट हॉस्पिटलं थेट कंपनीशी दर ठरवतात, त्यांना आमच्यासारख्यांची गरज नसते. त्यामुळे आमचं गिऱ्हाईक पहिल्यापासून पंचवटी, नाशिकरोड, दिंडोरी, पेठ रोड इथले छोटे दवाखाने, आणि त्यातही ट्रस्टचे.

सुरुवातीची वर्षं सरळ होती. केसपेपर नाममात्र पैशात, ऑपरेशनचं बिल पेशंटच्या ऐपतीप्रमाणे, कमी पडेल ते विश्वस्त मंडळी ओळखीच्यांकडून देणग्या आणून भरत. बिलं लहान असायची, पण महिनाअखेर वहीतली रेघ मारली जायची. ट्रस्टचा पैसा बुडत नाही, असं तेव्हा बाजारात बोललं जायचं.

मग योजना आली. जुलै २०१२मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात शेजारचं धुळे होतं, आपण नव्हतो. आपला नंबर लागला नोव्हेंबर २०१३मध्ये. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं की कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे ठरावीक उपचार मोफत. पुढे २०१७मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. आमच्या धंद्यावर तिचा परिणाम लगेच दिसला. सुरगाण्याहून मांडीचं हाड मोडून आलेला जो माणूस पूर्वी प्लास्टर घालून परत जायचा, तो आता प्लेट बसवून जाऊ लागला. ही किती मोठी गोष्ट आहे ते इम्प्लांट विकणाऱ्याला कळतं. आमची विक्री वाढली, आणि हातातली रोख गेली.

कारण योजनेचा हिशेब पॅकेजवर चालतो. एका ऑपरेशनची एक रक्कम. त्यात खाट, नर्सिंग, सर्जन, भूल, औषधं, इम्प्लांट, पेशंटचं जेवण, घरी सोडल्यावर १० दिवसांची औषधं आणि परतीचं एसटीभाडंसुद्धा. पेशंटकडून एक रुपया घ्यायचा नाही. खर्च सगळा आज, पैसे मात्र दवाखान्याने योजनेकडे केलेला क्लेम, म्हणजे पैशाचा दावा, मंजूर होऊन सुटेल तेव्हा. मधल्या काळात नर्सचा पगार, वीजबिल, ऑक्सिजन थांबत नाही. थांबतो तो सर्जिकलवाला. "शेठ, क्लेम आला की पहिला चेक तुमचा," हे वाक्य मी इतक्या डॉक्टरांकडून ऐकलंय की ते फसवण्यासाठी बोलत नाहीत हेही मला माहीत झालंय. त्यांच्याकडे खरंच नसतात.

पॅकेजचे दर कमी आहेत ही तक्रार सगळेच करतात, आणि ती खोटी नाही. पण माझ्या वहीत बघाल तर दरापेक्षा तारीख जास्त मारते. मोठ्या हॉस्पिटलात योजनेच्या पेशंटशेजारी मेडिक्लेमचा आणि रोखीचा पेशंट असतो, त्यांच्या बिलांवर महिना निघतो. पेठ रोडवरच्या ट्रस्टमध्ये शेजारच्या खाटेवरही योजनेचाच पेशंट. शिवाय हे दवाखाने एकेक बॉक्स घेणारे, म्हणून तोच हातमोजा त्यांना मोठ्यांपेक्षा महाग पडतो. आरोग्यसेवेवर जीएसटी नाही, म्हणून आम्ही लावलेल्या जीएसटीचं क्रेडिटही (पुढच्या करातून मिळणारी वजावट) त्यांना मिळत नाही, तो त्यांचा निव्वळ खर्च. २२ सप्टेंबर २०२५ला बहुतेक सर्जिकल मालावरचा कर १२वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा खरा फायदा त्यांना झाला. (आमच्याकडे १२ टक्क्यांनी भरलेला स्टॉक पडून होता. ते क्रेडिट अजून हळूहळू मुरतंय.)

धर्मादाय रुग्णालय म्हणून आणखी एक जबाबदारी असते. २००६पासून लागू असलेल्या उच्च न्यायालयाच्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. ज्यांचं बिलिंग कोटींत त्यांचा हा निधी मोठा असतो. ज्यांच्याकडे गरीब जास्त येतात त्यांचं बिलिंगच लहान, म्हणून निधीही लहान. ही उलटी गंमत नियम करताना कोणाच्या ध्यानात आली नसावी.

कोविडमध्ये तर कंपन्या आमच्याकडून ॲडव्हान्स घ्यायच्या आणि आम्ही दवाखान्यांना उधार द्यायचो. ते दिवस दागिने गहाण ठेवून काढले, त्यावर जास्त लिहीत नाही.

धंद्याला वळण मिळालं ते माझ्या भावजयीमुळे. ती पूर्वी एका दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या पेशंटची नोंदणी आणि कागदपत्रं बघणारी, होती. २०२२मध्ये थकबाकीची यादी घेऊन ती आमच्याच एका जुन्या गिऱ्हाइकाकडे बसली आणि संध्याकाळी येऊन म्हणाली, "दादा, पैसे वर अडकलेत ते निम्मेच. बाकीचे त्यांच्याच टेबलाच्या खणात आहेत." क्लेमवर क्वेरी, म्हणजे योजनेकडून शंका, आलेली आणि कोणी उत्तर न दिलेली प्रकरणं. कुठे इम्प्लांटच्या बॉक्सवरचं स्टिकर केसपेपरला लावलेलं नाही, कुठे ऑपरेशननंतरचा एक्स-रे अपलोड नाही, कुठे नव्या सुनेचं नाव रेशनकार्डावर चढलेलंच नाही, कुठे आधारवर 'भोये' आणि कार्डावर 'भोवे'. मोठ्या हॉस्पिटलात याच कामाला अख्खा विभाग असतो. इथे तेच काम ओपीडीत नाव लिहिणारी ताई जमेल तसं करते.

तेव्हापासून आम्ही मालासोबत क्लेमचं कामही घेतो. भावजय आणि तिने शिकवलेल्या दोन मुली. पूर्वमंजुरी, डिस्चार्जचे कागद, क्वेरीची उत्तरं. फी महिन्याला ठरलेली घेतो, क्लेमवर टक्का घेत नाही, नाहीतर लागत नसलेलं ऑपरेशन फायलीत घुसवायचा मोह सगळ्यांनाच होतो. इम्प्लांटचं स्टिकर तर आता आमचा पोऱ्या ऑपरेशन संपल्यावर स्वतः चिकटवून येतो.

१ जुलै २०२४पासून योजना सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू झाली, पांढऱ्या कार्डालाही, आणि कवच ५ लाखांचं झालं. लोकांसाठी हे चांगलंच. छोट्या ट्रस्टचं मात्र असं झालं, की जो पांढऱ्या कार्डाचा पेशंट आजवर रोख भरून जायचा, तोही आता योजनेत आला. त्यात काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव, ते यांना करता येतात पण योजनेत बसत नाहीत. दर्शनी फलकावरचा पाच लाखांचा आकडा वाचून विश्वस्तांना वाटतं आता दवाखाना सावरेल. आम्ही त्यांना सांगतो, पेशंट दुप्पट झाले तर आधी माल दुप्पट लागेल, पैसे त्यानंतर.

आता नवा ट्रस्ट माल मागायला आला की आम्ही ताळेबंद बघत नाही. क्लेमचं काम कोण करतं आणि योजनेबाहेरचे पेशंट महिन्याला किती, एवढं विचारतो. इम्प्लांट कन्साइनमेंटवर ठेवतो, वापरलं तेवढ्याचंच बिल, तेही क्लेम सुटल्यावर. हातमोजे, गॉज, सलाइन सेट पंधरा दिवसांच्या उधारीवर. एखाद्या ठिकाणी नर्सचे पगार थकल्याचं कळलं तर रोजचा माल चालू ठेवतो, प्लेटांचा नवा सेट मात्र थांबवतो, आणि भावजय दुसऱ्या दिवशी तिथे खण उघडायला जाते.