एवढ्याशा वाड्याला तीन वर्षे?

घरी आलेला पाहुणा बैठकीतल्या, मी केलेल्या त्या छोट्या लाकडी वाड्यापुढे वाकतो, देवघरातल्या समया निरखतो आणि मग हमखास विचारतो की एवढ्याशा वस्तूला तीन वर्षे कशी लागली. तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

हा वाडा म्हणजे जुन्या नाशकातल्या आमच्या आजोबांच्या घराची प्रतिकृती आहे. ते पाडून आता तिथे इमारत उभी आहे. प्रमाण बाहुलीघरांचे नेहमीचे, १:१२, म्हणजे फुटाला एक इंच. नवी दिल्ली उभारणाऱ्या लुटियन्स यांनी इंग्लंडच्या राणी मेरीसाठी आखलेले, १९२४ साली पूर्ण झालेले बाहुलीघरही याच प्रमाणात आहे आणि त्याच्या नळांना खरे पाणी येते. (तिथे शेकडो कारागीर राबले, माझ्याकडे फक्त रविवार होते.)

मापे बाराव्या हिश्श्यावर येतात, पण वस्तूंचे स्वभाव येत नाहीत, आणि सगळा वेळ तिथे जातो. भांडीबाजारातून हौसेने भातुकलीचा इंचभर उंचीचा तांब्या आणला, तर वाड्याच्या हिशेबात तो फूटभर उंच झाला. शेवटी न्हाणीघरात त्याची हंडा म्हणून सोय लावली. मागच्या पडवीत वाळत घातलेले लुगडे पुठ्ठ्यासारखे ताठ उभे राहिले, तेव्हा मलमलीचा तुकडा पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून, थर्माकोलवर टाचण्यांनी चुण्या धरून वाळवावा लागला.

झोपाळ्याने तर पाच महिने खाल्ले. तांब्याची तार खिळ्याभोवती गुंडाळून, कापून, एकेक कडी ओवून साखळ्या केल्या, पाट टांगला, बोटाने हलकेच ढकलला आणि तो भेदरल्यासारखा लटलट हलू लागला. पाटाखाली शिशाचे तुकडे चिकटवून पाहिले, पण त्याने फरक पडला नाही आणि पडणारही नव्हता, कारण झोक्याचा वेग वजनावर नव्हे, तर साखळीच्या लांबीवर ठरतो, आणि लांबी बारावा हिस्सा झाली की झोका सुमारे साडेतीन पट जलद होतो. हे शाळेत शिकलो होतो, तरी शिसे आणलेच. आजोबांचा संथ झोका या मापात बसणे शक्य नव्हते. म्हणून झोपाळा एका बारीक तारेने किंचित मागे ओढून तसाच पक्का केला आहे, कोणी पायाने रेटून थांबवल्यासारखा.

उरलेला बहुतेक वेळ कौलांत गेला, आणि त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही; अकराशे चाळीस आहेत आणि ती एकेक करून चिकटवावी लागतात.